दगडाची घरे कुणी बांधली? शालेय इतिहास लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीतून शालेय इतिहासाची पुस्तके आणि मार्गदर्शके लिहिणारे, तपासणारे सर्व मान्यवर

सप्रेम नमस्कार.

सव्वीस वर्षे मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आहे. गेल्या वर्षी वसाहतवादाचा भाग चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, गोरे यायच्या आधी आफ्रिकेत काय होतं?" मी तोंड उघडायच्या आत एका मुलाने वळून उत्तर दिले, "जंगल." सगळा वर्ग हसला. त्या मुलाला मी गप्प केले खरे, पण त्या मुलीला द्यायला माझ्याजवळ तरी काय होते? मी इजिप्त सांगितले. "इजिप्त आफ्रिकेत आहे?" असे तिने पुन्हा विचारले आणि तास संपल्याची घंटा झाली.

घरी येऊन मी कपाटातली पुस्तके काढली. शाळेत असताना वापरलेली, बी.एड.ची, नोकरीत जमवलेली. त्यांत आफ्रिका येते ती गुलामांच्या जहाजातून, नाहीतर १८८४ च्या बर्लिन परिषदेतल्या टेबलावर पसरलेल्या नकाशातून. त्याआधी तिथे कुणी राज्य केले, कुणी शहर वसवले, याचा एक परिच्छेद नाही. एका जुन्या मार्गदर्शकात 'अंधारे खंड' हे शब्द आहेत. त्यांच्याखाली पेन्सिलीने मारलेली रेघ माझी आहे, आणि ते शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहेत. तेव्हा मी कुणावर ठपका ठेवायला बसलेले नाही. मला जे कळायला पन्नाशी उलटली, ते माझ्या मुलांना पंधराव्या वर्षी कळावे एवढीच माझी धडपड आहे.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेला असतात. या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले होते. तिथून दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर मास्विंगो नावाचे शहर आहे आणि त्याच्याजवळ ग्रेट झिंबाब्वे, एका जुन्या दगडी राजधानीचे अवशेष. देशाला नाव मिळाले ते या जागेवरून. तिथल्या शोना भाषेत 'झिंबा झा माब्वे' म्हणजे दगडाची घरे.

मी सिंधुदुर्गातली. माझे वडील गडगे घालायचे. ज्यांनी कोकण पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते, गडगा म्हणजे चुना, सिमेंट, माती काहीही न घालता दगडावर दगड रचून केलेली कुंपणाची भिंत. लांबून दगडांचा ढीग वाटतो, पण तो रचायला हात बसावा लागतो. तळाला रुंदी जास्त ठेवायची, वर जाताना दोन्ही बाजू किंचित आत घ्यायच्या, एका थरातल्या सांध्यावर दुसऱ्या थराचा सांधा येऊ द्यायचा नाही. बाबा म्हणायचे, "पाण्याक वाट ठेव, नायतर पयल्या पावसात गडगो बसतलो."

ग्रेट झिंबाब्वेच्या मोठ्या कोटाची बाहेरची भिंत सुमारे अडीचशे मीटर घेराची आहे. काही ठिकाणी ती अकरा मीटर उंच आहे, म्हणजे आमच्या शाळेची दुमजली इमारत तिच्याआड सहज लपेल. पायाशी तिची जाडी पाच मीटरच्या आसपास. आणि चुन्याचा एक थेंब नाही. मी जवळ गेले आणि भिंतीला हात लावला. ग्रॅनाइट सकाळच्या उन्हातही गार होते, त्यावर दगडफुलाचे करडे-पिवळे डाग होते. मग माझी नजर आपोआप तिथे गेली, जिथे बाबांची गेली असती. भिंत वर जाताना आत झुकत होती. विटांएवढे दगड एकसारख्या थरांत बसवलेले होते. तळाशी पाणी जायला मोऱ्या ठेवलेल्या होत्या. वरच्या कडेला दगड तिरके बसवून नागमोडी नक्षीचा पट्टा काढलेला होता, बांधून झाल्यावर कुणीतरी हौसेने केल्यासारखा. माझे डोळे भरून आले. वाटाड्याने विचारले, "बांधकामातले कळते का तुम्हाला?" मी म्हटले, "माझे वडील अशा भिंती घालायचे." तो म्हणाला, "मग कुणी बांधली हे तुम्ही विचारणार नाही. बाकी सगळे विचारतात."

त्याने मग मला सलग फिरवले. आतली आणि बाहेरची भिंत यांच्यामधला बोळ इतका अरुंद आहे की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. त्या बोळाच्या शेवटी एक भरीव शंक्वाकार बुरूज उभा आहे, दहाएक मीटर उंचीचा. शेजारच्या टेकडीवर जायची वाट प्रचंड धोंड्यांच्या फटीतून जाते. चढताना मला आपल्या गडांची आठवण येत होती, नैसर्गिक कातळ तसाच ठेवून त्याच्या आधाराने तट घातलेला. तिथला ग्रॅनाइट दिवसा तापतो, रात्री निवतो आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटतात. काम करणाऱ्यांनी या गुणाचा फायदा घेतला, कातळावर जाळ करून, वर पाणी ओतून पापुद्रे काढले आणि ते फोडून दगड घडवले. सर्वात आधीच्या भिंतींचे थर वेडेवाकडे आहेत, नंतरच्या सुबक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हात कसा बसत गेला ते भिंतींवरच दिसते. त्या पठारावर अशी लहानमोठी दोनशेहून अधिक ठिकाणे आहेत. साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान आजच्या शोना लोकांच्या पूर्वजांनी ही राजधानी बांधली आणि तिथून गुरांचे कळप, सोने आणि हस्तिदंत यांच्या जोरावर राज्य केले.

हे सगळे इतके स्वच्छ दिसत असताना शंभर वर्षे जगाला वेगळेच सांगितले गेले. ते कसे घडले, हाच माझ्या मते शाळेत शिकवण्यासारखा सर्वात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१८७१ साली कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोहोचला. एका लाकडी तुळईची ढलपी त्याने काढली, ती आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली, रंग आणि वास सारखाच वाटला. पेन्सिल देवदाराची, म्हणजे हे लाकूड लेबनॉनच्या देवदाराचे, म्हणजे ते तिथल्या प्राचीन फिनिशियन दर्यावर्दी लोकांनी आणले, म्हणजे हा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा वाडा. एका पेन्सिलीवरून एवढी इमारत उभी राहिली. ते लाकूड प्रत्यक्षात त्याच भागात उगवणाऱ्या तांबोटी नावाच्या झाडाचे होते.

माउखची चूक भाबडी म्हणता येईल. पुढच्यांची नाही. १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश भांडवलदाराच्या कंपनीने हा प्रदेश बळकावला आणि लगेच १८९१ मध्ये थिओडोर बेंट याला उत्खननाला पाठवले. बेंटला खणताना स्थानिक लोकांचीच भांडी आणि हत्यारे सापडली, तरी त्याने बांधणारे बाहेरचे होते असाच निष्कर्ष काढला. ऱ्होड्सच्या दृष्टीने हे सोयीचे होते. ही भूमी फार पूर्वी उत्तरेकडून आलेल्या गोऱ्यांची होती असे ठरले की आपण ती लुबाडत नाही, परत घेतो आहोत असे म्हणता येते. १८९५ मध्ये तर जुन्या अवशेषांतले सोने काढायला चक्क एक कंपनी स्थापन झाली. आसपासच्या कितीतरी जागा तिने उकरल्या, सापडलेले दागिने वितळवले.

मग १९०२ मध्ये रिचर्ड हॉल नावाच्या पत्रकाराला ग्रेट झिंबाब्वेचा रखवालदार नेमले. त्याने काय केले? 'प्राचीन' बांधकाम मोकळे करायचे म्हणून वरचे मातीचे थर कित्येक फूट खणून बाहेर फेकले. त्याच्या लेखी ती अलीकडच्या काळ्या रहिवाशांची घाण होती. तिथे ज्यांनी संसार केला त्यांच्या घरांच्या जमिनी, चुली, मडकी, मणी, सगळे त्या मातीत होते. मी इतिहासाची शिक्षिका आहे, पण हे ऐकताना मला घर फोडल्यासारखे वाटले. थर एकदा गेला की गेला, तो परत रचता येत नाही.

१९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर या पुरातत्त्वज्ञाने उरलेले थर नीट तपासून सांगितले की हे आफ्रिकन लोकांचे आणि मध्ययुगातले काम आहे. वसाहतकरी खवळले. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आल्या. त्यांच्या तुकडीत तिघी आणि तिघीही बायका. त्यांतल्या कॅथलीन केन्यन पुढे जेरिकोच्या उत्खननामुळे जगप्रसिद्ध झाल्या. हॉलच्या हातून सुटलेल्या जागा शोधून त्यांनी काम केले आणि तेच उत्तर दिले. पुढे आलेल्या कार्बन तारखांनीही तेच सांगितले. शास्त्रापुरता प्रश्न तिथे मिटला होता.

पण पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, जमीनवाटपाचा कायदा झाला आणि देशातली अर्ध्याच्या आसपास जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखली गेली. अशा देशात 'हे यांच्या पूर्वजांनी बांधले' हे वाक्य राज्यकर्त्यांना कसे परवडणार? १९६५ नंतर इयन स्मिथच्या गोऱ्या राजवटीत वस्तुसंग्रहालयातल्या माणसांवर, मार्गदर्शक पुस्तिकांवर दाब आला. बांधणारे कोण याचे उत्तर गुलदस्त्यात ठेवायचे, बाहेरच्यांचा सिद्धान्तही बरोबरीने मांडायचा. पीटर गार्लेक हे स्मारकांचे वरिष्ठ निरीक्षक खरे तेच सांगत राहिले आणि १९७० मध्ये त्यांना पद आणि देश सोडावा लागला. आपल्या जन्माच्या आसपासची गोष्ट आहे ही.

१९८० मध्ये देश स्वतंत्र झाला. शंखजिऱ्याच्या दगडातून कोरलेले आठ पक्षी तिथे सापडले होते. त्यांतले दक्षिण आफ्रिकेत नेलेले काही १९८१ मध्ये परत आले, जर्मनीत गेलेला एका पक्ष्याचा तुकडा २००३ मध्ये आला. तोच पक्षी आज त्यांच्या झेंड्यावर आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे आपल्या अभ्यासक्रमाच्या कक्षेत कुठे येते? येते, आणि दाराशीच येते. ग्रेट झिंबाब्वेत चिनी मातीची भांडी सापडली, इराणी भांडी सापडली, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या किल्वा बंदराच्या सुलतानाचे नाणे सापडले आणि काचेचे मणी सापडले. मणी समुद्रावरून येत आणि त्यांतले पुष्कळ आपल्या देशातले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सापडलेल्या काही मण्यांची काच आणि आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला उत्खननात मिळालेल्या मण्यांची काच रासायनिक तपासणीत एकाच प्रकारची निघाली आहे. चौलची बाग, चौलचे रामेश्वराचे देऊळ आम्ही सहलीत दाखवतो. त्या बंदराशी ज्यांचा व्यवहार होता त्या माणसांचे नाव मात्र घेत नाही. खंबायतचे कापड आजच्या मोझांबिकमधल्या सोफाला बंदरात उतरायचे आणि तिथून सोने इकडे यायचे. चौदाव्या शतकात, १३३१ साली, किल्वा पाहून इब्न बतूताने ते जगातल्या अतिसुंदर शहरांपैकी एक म्हटले.

गोव्याचा धागा तर याहून घट्ट आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. गोंसालो द सिल्व्हेरा हा जेझुइट पाद्री १५६० मध्ये गोव्याहूनच झिंबाब्वेच्या पठारावरच्या मुतापा राज्यात गेला, राजाला बाप्तिस्मा दिला आणि १५६१ मध्ये तिथे मारला गेला. १५५२ मध्ये छापलेल्या पोर्तुगीज इतिहासात जुआंव द बारूसने त्या पठारावरच्या, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी कोटाचे वर्णन केले आहे. म्हणजे माउखने 'शोध' लावायच्या तीनशे वर्षे आधी ती जागा कागदावर आलेली होती.

आणि हाच प्रकार आपल्याबाबतही झालेला आहे. सोळाव्या शतकात गोव्यात राहून गेलेल्या लिन्शोतन या डच माणसाने घारापुरीच्या लेण्यांविषयी लिहिले, की ती चिनी लोकांनी केली असावीत असे मानतात. वाचून आपल्याला राग येतो ना? आपल्या अंगणातल्या कामाचे श्रेय कुणीतरी उचलून तिसऱ्यालाच देतो तेव्हा कसे वाटते, हे मराठी मुलाला घारापुरीवरून एका मिनिटात समजावता येते. आपणही डोंगरातल्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतो, पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणतो. पण त्या श्रद्धेतून कुणाची जमीन गेली नाही. झिंबाब्वेत गेली.

एकट्या झिंबाब्वेची ही गोष्ट असती तर मी एवढे लांबवले नसते. नायजेरियातल्या इफे इथली भाजक्या मातीची आणि धातूची शिरे, इतकी जिवंत की ओठांच्या कडा मऊ वाटतात, १९१० मध्ये लिओ फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाने पाहिली आणि त्यांचा संबंध बुडालेल्या अटलांटिसशी जोडला. शेजारी उभे असलेले योरुबा लोक त्याला दिसले नाहीत. लिंपोपो नदीच्या काठी मापुंगुब्वेला १९३० च्या दशकात तेराव्या शतकातला सोन्याच्या पत्र्याचा गेंडा मिळाला, वीतभरही लांब नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीत शाळकरी मुलांना त्याचे नावही कळले नाही. ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर १९६३ मध्ये म्हणाले, आफ्रिकेत इतिहास आहे तो युरोपीय लोकांचा, बाकी काळोख. आमचे 'अंधारे खंड' याच गोत्रातले.

या कल्पनांनी माणसे मेली आहेत. आफ्रिकेत जे काही चांगले दिसते ते बाहेरून आलेल्या, गोऱ्यांच्या जवळच्या 'हॅमिटिक' वंशाने आणले, असा एक सिद्धान्त विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्यापीठांतून शिकवला जाई. बेल्जियमने रवांडात तो राबवला. तुत्सी हे बाहेरून आलेले श्रेष्ठ, हुतू हे कनिष्ठ असे ठरवून १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात छापली. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रे पाहून माणसे मारली गेली, शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास.

आपल्या पुस्तकात आफ्रिकेतून आलेला एक माणूस मानाने उभा आहे, मलिक अंबर. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्म, लहानपणी विकला गेला, पुढे निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे संभाजीनगर, वसवली, तिला नहरीचे पाणी दिले. हे आम्ही मनापासून शिकवतो. पण त्याचा देश कसा होता हे एका ओळीनेही सांगत नाही. त्या देशाला स्वतःची लिपी होती आणि आजही आहे. तिसऱ्या शतकापासून तिथल्या प्राचीन अक्सुम राज्याचे राजे सोन्याची नाणी पाडत होते. मलिक अंबरच्या जन्मापूर्वी काही शतके त्या देशात लालिबेला इथे अखंड खडकातून अकरा चर्च कोरली गेली. त्यांतले क्रुसाच्या आकाराचे चर्च वरून खाली कोरत नेले आहे, आधी भोवतीचा खंदक, मग मधल्या खडकातून इमारत. वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. संभाजीनगरच्या मुलांना नहर दाखवून कैलासला नेतात, त्याच सहलीत लालिबेलाचे एक छायाचित्र दाखवले तर? ज्याला आपण हबशी म्हणतो, तो कुठल्या घरातून आला ते त्यांना दिसेल.

माझे मागणे मोठे नाही. नववी किंवा दहावीला एक पाठ, सहा-सात पानांचा. ग्रेट झिंबाब्वे कुणी, केव्हा, कसे बांधले, आणि ते कुणी बांधले याविषयी खोटे कसे रचले गेले. पेन्सिलीची गोष्ट त्यात जरूर घ्या, मुले ती विसरणार नाहीत. हॉलने फेकलेली माती घ्या. पुरावा म्हणजे काय, थर म्हणजे काय, हे त्यातून जितके कळेल तितके कुठल्याही व्याख्येतून कळत नाही. नकाशात चौल, सोफाला आणि किल्वा एका रेषेत दाखवा. 'अंधारे खंड' जिथे उरले असेल तिथून काढा. 'टोळ्या' हा शब्दही एकदा तपासा, कारण ज्यांचे राजे, राजधानी आणि जकात होती त्यांना आपण टोळी म्हणत नाही, फक्त आफ्रिकेत म्हणतो.

एक विनंती उलट बाजूनेही आहे. झाकलेले उघडे करताना फुगवून सांगू नका. ग्रेट झिंबाब्वेची लोकसंख्या अठरा-वीस हजार होती असे पूर्वी लिहीत. शॅड्रेक चिरिकुरे यांच्यासारखे तिथलेच पुरातत्त्वज्ञ आता ती दहा हजारांच्या आत धरतात. इनोसंट पिकिराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की ज्यांना मातीच्या खाणी समजत होते ते खड्डे पाणी साठवण्यासाठी होते. गडावरची टाकी पाहिलेल्या मुलांना हे लगेच पटेल. त्या देशाचे अभ्यासक स्वतःच्या इतिहासाबद्दल एवढे काटेकोर आहेत, तर आपणही असावे. आणि पाठ लिहाल तेव्हा संदर्भ त्यांच्या लेखनातून घ्या, शंभर वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनांतून नको.

पाठाचा एक कच्चा मसुदा मी तयार केला आहे. त्यातल्या आकृत्या आमच्या चित्रकलेच्या सरांनी काढून दिल्या, गडग्याचा आणि त्या भिंतीचा छेद शेजारी शेजारी. गेल्या महिन्यात वर्गात तो शिकवूनही पाहिला. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती आता दहावीत आहे, तिला मुद्दाम बोलावून बसवले. तिने तास संपल्यावर विचारले की शोना भाषेत 'दगड' कसा लिहितात. मी 'माब्वे' फळ्यावर लिहिले आणि तिने वहीत उतरवून घेतले.

आपल्यापैकी कुणीही मागितला तर मसुदा आणि मी काढलेली छायाचित्रे विनामूल्य, विनाअट पाठवीन.

आपली नम्र,
इतिहासाची एक शिक्षिका
सिंधुदुर्ग